एकुलता एक प्रेक्षक

माझ्या घरात कपाटभर माणसं राहतात. कुणाचा ट्रक होतो, कुणाचं विमान, कुणाची पोलिसांची गाडी. एकाचा तर कॅसेट वाजवायचा टेप होतो. सांधे फिरवले की गाडी, उलटे फिरवले की पुन्हा माणूस. या रूप बदलणाऱ्या रोबोटांचा मला नाद आहे. नुसता नाद असता तरी चाललं असतं, मी त्यांची परीक्षणंही करतो. मोबाईल स्टँडला लावायचा, खेळणं टेबलावर ठेवायचं, बोलत बोलत ते फिरवून दाखवायचं आणि तो व्हिडिओ माझ्या चॅनेलवर टाकायचा. हायस्कुलात चित्रकला शिकवणारा, निम्मे केस पांढरे झालेला माणूस हे करतो म्हटल्यावर लोक मागं काय बोलत असतील ते मला ठाऊक आहे. बोलू देत. त्यांच्या कपाटांत काय काय आहे ते विचारायला मी कधी गेलेलो नाही.

आमचं गाव आटपाडीपासून थोडं आत, कोरड्या मुलखात. पावसाचा भरवसा नाही म्हणून आमच्या भागातली माणसं कैक वर्षांपूर्वीच गलाईच्या धंद्यात शिरली. सोनाराकडं आलेलं जुनं सोनं-चांदी वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध करून परत द्यायचं, ही गलाई. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात भट्टीपुढं बसलेला माणूस आमच्याकडचा निघतो. पैसा तिकडं होतो, पण घर मात्र सगळे इथं बांधतात. बांधतात तेही एकमेकांकडं बघून. त्यानं दोन मजले चढवले की ह्याला तिसरा सुचतो, त्यानं स्टीलचा कठडा लावला की ह्याला काचेचा हवा. मग वास्तुशांत होते, गावजेवण होतं आणि दाराला कुलूप लागतं. ते निघतं थेट जत्रेला, चार दिवसांसाठी.

माझ्या गल्लीत सगळी अशीच घरं. रंग ताजे, कठडे चकचकीत आणि आत कुणी नाही. कुकरची शिट्टी, टीव्ही, दार आपटल्याचा आवाज, गल्लीत जे काही वाजायचं ते माझ्या एकट्याच्या घरात. पूर्वी भांडणाचा आवाजही यायचा. आता तोही येत नाही.

वडीलही गलाईतच होते, पण मालक नव्हे. दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला, तिकडं तमिळ मुलखात. वर्षातून एकदा जत्रेला यायचे. म्हसवडला एसटीतून उतरायचे आणि तिथून मिळेल त्या गाडीनं गावात. एका वर्षी त्यांनी माझ्यासाठी लाल ट्रक आणला. मी तो वर्षभर ओढ्याच्या वाळूत चालवला. पुढच्या जत्रेला आल्या आल्या, अजून पायावर पाणीही घेतलं नव्हतं, त्यांनी विचारलं, "आरं, त्याचा मानूस हुतो म्हनं. केलास का?"

मी आ वासून बघत राहिलो. ज्याच्यात वर्षभर वाळू भरली त्याच्या पोटात माणूस होता आणि मला पत्ताच नव्हता. खोक्यात चित्रांचा कागद आला होता, तो आईनं कधीच फडताळात डब्यांखाली अंथरलेला. मग वडील आणि मी ओसरीवर बसलो. ॲसिडनं डागाळलेली त्यांची बोटं जोर न लावता एकेक सांधा चाचपत होती, कुठं वळतोय, कुठं अडतोय. चाकांच्या मागून पाय निघाले तेव्हा ते असे खदाखदा हसले की आई चुलीपुढून उठून बाहेर आली. वाळू अडकल्यामुळं त्या माणसाचा एक हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही. त्या संध्याकाळइतका वेळ वडील माझ्याजवळ पुन्हा कधी बसले नाहीत. बसायला ते इथं नव्हतेच. माझ्या नादाचं मूळ यातच आहे असं मी धरून चालतो. खरं काय ते देव जाणे.

नोकरी लागल्यावर मी जुनी खेळणी शोधायला लागलो. मी लहान असताना परदेशातल्या मुलांनी खेळून टाकलेली, त्यांच्या माळ्यांवर पडून राहिलेली. आमच्या गावात कुरिअर येत नाही, आटपाडीला जाऊन खोकं आणावं लागतं. तिथला माणूस दरवेळी खोकं कानाशी धरून हलवतो आणि म्हणतो, "सर, हलकं लय हाय ह्ये. फशिवलं न्हवं?" एकदा तर एका खेळण्यासाठी मी कोरेगाव गाठलं. तिथल्या एका निवृत्त फौजीनं परदेशी पोस्टिंगवरून मुलासाठी विमान आणलं होतं. मुलगाही पुढं फौजेत गेला आणि विमान शोकेसमध्ये तसंच राहिलं. फौजी म्हणाला, "न्या तुमी, पर आदी त्याचा मानूस करून दावा. आमाला कवा जमलं न्हाई." मी करून दाखवला. पंखांचे हात झाले, नाकाची छाती झाली. नवरा-बायको दोघं उभे राहून बघत होते. त्यांनी ते पुन्हा पुन्हा करायला लावलं. शेवटी पैसे घ्यायला माणूस तयार होईना, उलट निघताना पिशवीत घेवडा घातला.

जुन्या खेळण्यांत निम्मा धातू असायचा. गुडघा वाकत नाही, हात काठीसारखे ताठ, तोंड म्हणजे नुसता एक चौकोन, पण हातात घेतलं की काहीतरी घेतल्यासारखं वाटतं. नव्यांचं उलटं. बोटंसुद्धा वाकतात, पण प्लॅस्टिक पातळ आणि मागून पोकळ. त्यातही बऱ्याच जणांचा माणूस झाला तरी गाडीचं छप्पर कुठं ठेवायचं ते बनवणाऱ्याला सुचलेलं नसतं, मग ते पाठीवर तसंच लोंबत राहतं. त्याला मी 'पाठीवरचं बोचकं' म्हणतो. माझ्या परीक्षणात बोचकं दिसलं की गुण कापले. एका काळात सोनेरी प्लॅस्टिकचे काही रोबोट निघाले होते. ते प्लॅस्टिक वयाबरोबर ठिसूळ होतं, फिरवायला गेलं की बिस्किटासारखं तुटतं. तसला एक माझ्याकडं आहे आणि मी त्याला कधीही फिरवत नाही. सोनं जुनं झालं की असा दगा देतं, हे आमच्या गावात सांगितलं तर मला वेड्यातच काढतील.

बायको गेली ती या खेळण्यांमुळं, असं कुणालाही वाटेल. एवढं सोपं असतं तर मी कपाट उचलून विहिरीत टाकलं असतं. तिची नोकरी पुण्यात, माझी इथं. ती इकडं यायला तयार नव्हती, मी तिकडं जायला. आधी दर शनिवारी एसटी, मग महिन्यातून एकदा, मग सणाला. एका दिवाळीला आम्ही दोघं जेवायला बसलो आणि पूर्ण ताट संपेपर्यंत कुणालाच बोलायला काही सापडलं नाही. मूलबाळ नाही. मागच्या आषाढात पुण्याला कोर्टात जाऊन सह्या केल्या आणि दोघं दोन रिक्षांतून निघालो. गावात मी कुणालाच सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचं, "तिची नोकरी हाय तिकडं." त्यावर लोक मान डोलावतात. या गावात नवरा एका मुलखात आणि बायको दुसऱ्या मुलखात ही काही बातमीच नव्हे. माझं लपून राहिलं ते माझ्या हुशारीनं नाही, गावाच्या रीतीनं.

चॅनेल मी त्याच्या आधीच, मागची जत्रा उरकल्यावर सुरू केलं होतं. खरं कारण सांगायचं तर बोलायला कुणी नव्हतं. शाळेत दिवसभर ओरडून घसा बसतो, पण त्याला बोलणं म्हणत नाहीत. घरी आल्यावर शब्द तसाच राहतो तोंडात. खिडकीजवळच्या टेबलावर दुपारचा उजेड छान येतो, तिथं मी बसायला लागलो. चेहरा दाखवायचा नाही हे पहिल्यापासून ठरलेलं. टेबल, खेळणं, माझे हात, मागं खिडकी. "नमस्कार मंडळी, आज आपल्याकडं एक अग्निशमन दलाची गाडी आलेली आहे," असं म्हणून सुरुवात. मंडळी म्हणायची आणि समोर मोबाईलचं भिंग. पहिले काही दिवस माझं मलाच हसू यायचं.

मंडळी फारशी नव्हतीच. ज्यांना या खेळण्यांचं वेड आहे ते इंग्रजीत बघतात, ज्यांना मराठी हवं असतं त्यांना हे वेड नाही. शाळेतली पोरं चार दिवस बघून कंटाळली. पण एक प्रेक्षक मात्र कधीच चुकला नाही. नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे, फोटोच्या जागी झेंडूचं फूल. व्हिडिओ टाकला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं हजर असायचं, "छान." कधी "लय छान." कधी थोडं जास्त, "आज ऊन लय हाय वाटतं तिकडं." कधी, "वारं सुटलंय." आणि एकदा, "खेळणं जरा डावीकडं ठेव की."

मी त्याला फार मुरलेला संग्राहक समजून चाललो. उन्हाबद्दल विचारतो म्हणजे काय? पांढरं प्लॅस्टिक उन्हानं पिवळं पडतं, हे फक्त जाणत्यालाच ठाऊक असतं. एवढ्या शब्दांत त्यानं मला सावध केलं म्हणून मी भारावून गेलो. उन्हापासून जुनी खेळणी कशी सांभाळावीत यावर एक अख्खा व्हिडिओ केला आणि त्यात 'आपल्या एका जाणकार प्रेक्षकाचे' जाहीर आभार मानले. त्यावर त्याचं उत्तर आलं, "बरं." मला वाटलं, काय माणूस आहे! इतकं ज्ञान आणि जराही मिरवणं नाही.

हळूहळू मी बोलायला लागलो ते त्याच्याशीच. खेळणं विकत घेतानासुद्धा मनात यायचं, याला हे आवडेल का. एकटा असेल, वय झालेलं असेल, मूळचा आमच्याच भागातला आणि आता पुण्यात नाहीतर मुंबईत. जुनं चांगलं की नवं, यावर तो माझ्याशी वाद घालील, मी हरेन, मग आम्ही चहा घेऊ, असलं काहीबाही मी रचत बसायचो. कोर्टातून आलो त्या आठवड्यात मी एक विमान फिरवलं. आवाज जड होता माझा, ते ऐकताना मलाच कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडूचं फूल आलं, "छान." त्या एका शब्दावर मी तो दिवस काढला. जगात एक तरी माणूस माझं ऐकतोय, एवढंच मला पुरत होतं.

दिवाळीच्या सुमारास दुसऱ्याच एका प्रेक्षकानं लिहिलं. नेटकं, मुद्देसूद. खेळणी चांगली, माहिती चांगली, पण मागं खिडकीतून रस्ता, समोरचं घर, झाड, कुत्री सगळं दिसतं, त्यामुळं लक्ष विचलित होतं. काळं कापड लावा, बाजूनं दिवे लावा. वाचून मी ओशाळलो. पोरांना वर्षानुवर्षं फळा दाखवून सांगतो, वस्तुचित्राची पार्श्वभूमी साधी ठेवा, आणि स्वतःची ही तऱ्हा! आटपाडीला जाऊन काळं कापड आणलं, खिडकीच्या चौकटीला खिळे ठोकून ताणून बसवलं, दोन दिवे मागवले. पहिला व्हिडिओ बघून मीच खूश. निळा रोबोट काळ्यावर असा काही उठून दिसत होता! बघणारेही थोडे वाढले.

आणि झेंडूचं फूल नाहीसं झालं.

पहिल्यांदा वाटलं, सणासुदीचे दिवस, कुठं गावाला गेला असेल. मग वाटलं, आजारी असेल. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. त्याच्या आवडीच्या एखाद्या खेळण्याला मी बोचकेवाला म्हटलं असेन. मला बोलायला लागल्यावर भान राहत नाही. जुने व्हिडिओ काढून मी स्वतःचं बोलणं तपासत बसलो. शाळेतून आल्यावर बूट काढायच्या आधी फोन बघायचो. दुसऱ्या कुणाचं कौतुक आलेलं असलं तरी ते डोळ्यांत भरायचं नाही. एका व्हिडिओच्या शेवटी मी न राहवून म्हणालो, "आपले ते नेहमीचे जाणकार प्रेक्षक बरेच दिवस दिसले नाहीत. तुम्ही बरे आहात ना?" उत्तर आलं नाही. लिहायला लाज वाटते, पण त्या सकाळी मला रडू कोसळलं. पुण्याहून परत येताना एसटीत डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं आणि एका न पाहिलेल्या माणसासाठी मी मोरीत तोंड धूत उभा राहिलो. त्यानंतर व्हिडिओ करावेसे वाटेनात. कपाट लावून टाकलं. काळं कापड खिडकीवर तसंच राहिलं आणि घरात दुपारीसुद्धा दिवा लावायची वेळ आली.

चैत्रात जत्रा आली. गल्ली एका रात्रीत भरून गेली. बाहेरच्या राज्यांच्या पाट्या असलेल्या गाड्या, दारापुढचे वटे धुतल्याचं पाणी रस्त्यावर, मसाल्याचा वास, कर्ण्यावर गाणी. एका घरातली पोरं आपापसात तमिळ बोलत होती, दुसऱ्या घरातली बंगाली, आणि दोन्ही घरच्या आया त्यांना मराठीत शिव्या घालत होत्या. माझ्या बरोबर समोरचं घरही उघडलं. त्या घरात काकी. आमचं रक्ताचं नातं नाही, शेजारपणाचं. काका गेल्यापासून ती दोन मुलांबरोबर तिकडं दक्षिणेत असते. लहानपणी तिच्या वट्यावर खेळलोय, म्हणून भेटायला गेलो. ती वट्यावर पाय सोडून बसली होती, हातानं फरशी पुसल्यासारखं करत.

पाया पडलो. तिनं जवळ बसवून घेतलं आणि तोंडावरून हात फिरवायच्या आधी म्हणाली, "आरं, ते काळं फडकं कशापायी बांदलंयस?"

"कुठलं, काकी?"

"त्या खेळन्यांच्या मागं. सगळं झाकून टाकलंस की रं. कायबी दिसंना झालंय."

मला क्षणभर काही उमजेना. मग उमजलं. "काकी, ते झेंडूचं फूल तुमी हाय व्हय?"

"नातवानं लावून दिलंय. मला कुठलं लिवाय येतंय? मी बोलती, आन् ते आपलं आपन लिवतंय."

"मग तुमाला ती खेळणी आवडत्यात?"

"मला काय कळतंय त्यातलं?" ती मनापासून हसली. "ल्हान पोरांचं त्ये. तुज्या खिडकीतनं माजं दार दिसतं. वटा दिसतो. लिंबाचं झाड दिसतं. तिकडं दुकानाच्या वर खोली हाय, दिसभर मी एकलीच. पोरं खाली भट्टीवर, सुना कामावर. शेजारनीचं मला कळत न्हाई, माजं तिला. मग तुजं लावती. तू आपला ते मोडत-जोडत असतोस, तवर मी हितं वट्यावर बसून येती."

"फोन करायचा की मग. रोज फोटो धाडला असता दाराचा."

"आन् काय म्हनू? माजं दार दाव? पोरं हसत्याल. न्हाईतर त्यास्नी वाटंल, म्हातारीला हितं करमंना, गावाकडं जायचंय. मग घरात नसतं भांडान."

तिच्या सुनेनं चहा आणला. तो कसाबसा संपवून मी घरी आलो आणि दार लावून घेतलं.

मला राग आला. कुणाचा ते सांगता आलं नसतं, पण आला. जाणकार प्रेक्षक म्हणे! ऊन लय हाय म्हणजे तिच्या वट्यावरचं ऊन. वारं सुटलंय म्हणजे तिचं झाड हललं. खेळणं डावीकडं ठेव, कारण माझा रोबोट नेमका तिच्या दाराच्या आड येत होता. इतके महिने मी जीव तोडून बोलत होतो आणि ती माझ्यावरून वाकून पलीकडं बघत होती. तिची चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या खोलीत बसून दुसरं काय बघणार ती? पण माझ्यापाशी होता तो एक माणूस, आणि तोही मला बघत नव्हता. कोर्टाच्या दिवशी मी एकटा पडलो असं वाटलं होतं. त्या दुपारी कळलं की त्याच्या कितीतरी आधीपासून मी खोलीत एकटाच बोलत होतो.

जत्रेचे पुढचे दिवस मी समोर फिरकलो नाही. पालखी गल्लीतून गेली तेव्हा गच्चीवरून हात जोडले. नैवेद्याच्या दिवशी काकीनं सुनेबरोबर ताट पाठवलं, पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई. "आत्यांनी बोलवायला सांगितलंय," सून म्हणाली. मी डोकं दुखतंय म्हणालो. ताट चांगलं होतं. सगळं एकट्यानं खाल्लं, ताट घासून परत दिलं.

निघायच्या दिवशी सकाळपासून गल्लीत गाड्यांच्या डिक्क्या उघड्या. कांद्याची पोती, लोणच्याच्या बरण्या, ज्वारीचं पीठ, सगळं देशाच्या चारी कोपऱ्यांत निघालेलं. मी आत बसून त्यांचे आवाज ऐकत होतो. दारात काठी वाजली.

"येऊ का रं?" काकी होती. एकटीच रस्ता ओलांडून आली होती, दाराच्या चौकटीला हात टेकून उभी.

मी तिला धरून आणलं. घरात बसायला धड जागा नव्हती, खुर्च्यांवर खोकी. टेबलासमोरची माझी खुर्ची तेवढी रिकामी होती, तिच्यावर ती बसली. समोर काळं कापड. तिचं त्याच्याकडं बघणं मला सहन होईना. एका बाजूनं ओढलं, खिळ्यांसकट आलं. उजेड एकदम टेबलावर पडला. समोर तिचं हिरवं दार, वटा, झाड. थोरला मुलगा दाराला कुलूप लावत होता. कुलूप ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. ती ते सगळं माझ्या खुर्चीतून बघत होती.

"आसं दिसतं व्हय हितनं," ती म्हणाली. "फोनात बारकं दिसतं."

बोलायला सुचलं नाही की माझे हात खेळण्याकडं जातात. टेबलावर एक छोटी जीप पडली होती, ती उचलून मी तिचा माणूस करायला लागलो. बॉनेट दुमडलं, चाकं आत घेतली, पाय ओढले. थोड्या वेळानं लक्षात आलं, काकी खिडकीकडं बघत नव्हती. माझ्या हातांकडं बघत होती.

"अंगठी कुठाय रं?"

"कुठली?"

"ह्या बोटातली. साकरपुड्यात घातल्याली. अर्ध्या तोळ्याची तरी आसंल. आखाडापतुर हुती हातात, मग दिसली न्हाई."

जीप माझ्या हातात अर्धवटच राहिली. हे हात रोज फळ्यावर असतात. शिक्षक खोलीत चहाचा कप धरतात, दुकानात पैसे देतात, अख्खं गाव बघतं. कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं ते तिकडून, बोटभर पडद्यावर, खेळण्याच्या आडून पाहिलं होतं.

"तुमाला कसं कळलं?"

"गलाईवाल्याची बायको हाय मी. हातातलं सोनं गेलं की मला आदी दिसतं. म्हनलं आज घालाय इसरला आसंल. मग फुडच्या बारीला बी न्हाई. मग दर बारीला आदी तुजा हातच बघायची." ती थोडी पुढं वाकली आणि आवाज खाली आणला. "मोडलीस व्हय? नड हुती तर आमाला फोन करायचा. पोरांनी वितळवायची घट बी धरली नसती तुज्याकडनं."

"मोडली न्हाई, काकी."

"मग?"

बाहेर हॉर्न वाजला. थोरल्यानं हाक मारली, "आई, चल की आता! उन्हं वर आली." तिनं वळूनसुद्धा न बघता हात वर केला, थांब म्हणून.

"काढून ठेवली," मी म्हणालो. मग जे इतके महिने कुणालाच सांगितलं नव्हतं, घरातल्या घरात स्वतःशीही मोठ्यानं म्हटलं नव्हतं, ते तोंडातून निघालं. "ती आता येनार न्हाई, काकी. आमचं संपलं. कोर्टात जाऊन सगळं झालं. गावात कुनालाच ठाव न्हाई."

असं कसं केलंस, समजूत काढायची होतीस, दुसरी बघू, यातलं काहीच ती म्हणाली नाही. माझ्या हातातली जीप काढून तिनं टेबलावर ठेवली, आणि अंगठीचं ते बोट आपल्या मुठीत धरून बसली. गल्लीतल्या गाड्या एकेक करून निघायला लागल्या. तिच्या गाडीचा हॉर्न पुन्हा वाजला. ती उठली नाही.